मालनअक्काचा हातठसा

मिरजेच्या बुरूड गल्लीत मालनअक्का साळुंख्यांच्या तोंडी लागायची कुणाची छाती नव्हती. वय बहात्तर, उंची जेमतेम पाच फूट, आणि जीभ तिच्या कोयत्याइतकी धारदार. शाळा दुसरीपर्यंत, तीही अधूनमधून. पण समोर टोपली ठेवली, की नुसता बुडावर अंगठा फिरवून ती सांगायची, विणणारा घाईत होता की निवांत, बांबू हिरवा होता की मुरलेला. गल्लीत आता विणणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं. ती मात्र रोज सकाळी ओट्यावर बसायची, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला नीट दिसेल अशा बेतानं बसायची.

अशा ह्या बाईला एका सोमवारी सकाळी कळलं, की तिचा हात पुसून टाकायचं चाललं आहे.

बातमी आणली ती तिच्याच लेकीनं. सारिका सत्तेचाळीस वर्षांची, सांगली रस्त्यावरच्या कृष्णाकाठ कलादालनात मुलांच्या विभागाची प्रमुख. ती ओट्याच्या कडेला टेकली आणि एका दमात बोलून मोकळी झाली.

"पुसायचा म्हंजे?" मालनअक्कानं हातातलं काम थांबवलं नाही. "हात हाय का पाटीवरचं गणित?"

"तुझा हात न्हवं गं आई, हातठसा. यंत्रातला."

"त्यो बी माझाच."

"शुक्रवारी विश्वस्तांची बैठक आहे. त्यात ठराव होणार."

"कोण हायत ते इस्वस्त? त्यातल्या एकाला तरी सुपानं पाखडता येतंय का?"

यावर सारिका हसली नाही, आणि लेक हसली नाही म्हणजे प्रकरण गंभीर आहे, हे मालनअक्काला ठाऊक होतं.

हातठसा ही गोष्ट ऐकायला जादूची, समजायला सोपी. बोट हलवायचं मनात आलं, की मेंदूकडून विजेचा एक अगदी बारीक संदेश हातात उतरतो आणि स्नायू आखडतो. हे जगाला फार आधीपासून माहीत होतं. नवी निघाली ती बाही. खांद्यापासून मनगटापर्यंत चढवायची, पातळ कापडाची, आणि अस्तरात चारशे टिकल्या. कारागिराच्या हातावर ती बसवली, की एकेका स्नायूतला संदेश टिपून ठेवायची. तीच बाही दुसऱ्याच्या हातावर चढवली, की टिपलेले संदेश कातडीतून आत सोडायची, मुंगी चालल्यासारखे. कारागिराचा हात जसा वळला होता, तसा शिकणाऱ्याचा हात वळायचा. हे दहा-बारा वेळा झालं, की मेंदूच्या मागच्या भागाला, जिथं पोहणं आणि सायकल चालवणं साठवलेलं असतं, ती हालचाल आपलीच सवय वाटू लागायची. मग बाही काढून ठेवली तरी हात चालायचा. आयुष्यभराची कला तीन महिन्यांच्या रविवारांत अंगात उतरायची.

कलादालनाचा तरुण अभियंता फैजान मुल्ला यानं हे सगळं वर्षापूर्वी मालनअक्काला समजावून सांगितलं होतं, चित्रं काढून. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजे माझं भूत पोरांच्या हातात शिरणार. बोल की मग सरळ."

कलादालन म्हणजे बंद पडलेल्या सूतगिरणीची उंच शेड. तिथं आजच्या काळातल्या चित्रकारांची, शिल्पकारांची कामं मांडलेली. लोक यायचे, फलक वाचायचे, मान हलवायचे आणि काही न कळता बाहेर पडून भेळ खायचे. सारिकानं ते बदललं. नव्या कलेचं फलकावरून पोरांना काही कळत नाही, आईबापांना तर त्याहून कळत नाही. तीच गोष्ट हातानं करून बघितली की कळते, असं तिचं म्हणणं. दर रविवारी बत्तीस कुटुंबं यायची, आणि ज्या कलाकृतीसमोर बसायची तिच्यातलाच एक तुकडा स्वतः करायची.

मालनअक्का पहिल्यांदा तिथं गेली, तेव्हा दारातच विटांचा एक ढीग रचून ठेवलेला होता. तिनं चष्मा सावरला.

"गवंडी जेवायला गेलाय व्हय गं?"

"आई, ती कलाकृती आहे."

"असंल. पण ओळंब्यात न्हाई."

बाजूची चार पोरं खिदळली आणि मागं लागली. मग म्हातारी पुढं, पोरं मागं, अशी वरात सगळ्या शेडभर फिरली. जळक्या पत्र्यांच्या भिंतीला तिनं हात लावून बघितला आणि पोरांनाही लावायला लावला. आरशांच्या खोलीत पदर नीट केला. आणि शेवटच्या दालनात आली तशी बोलायची थांबली.

वर छताला बांबूची एक झाल टांगलेली होती. लग्नात मुलीला सासरच्यांच्या हवाली करताना कणकेचे पेटते दिवे ठेवलेली जी उथळ टोपली वरपक्षातल्या एकेकाच्या डोक्यावर टेकवतात, ती झाल. फक्त ही तीस फूट रुंद होती, आणि तिच्या विणीत मुद्दाम जागोजागी मोकळी भोकं सोडलेली. ती कुटुंबांनी भरायची होती. प्रत्येक घरानं एक लहान झाल विणायची आणि भोकात बसवायची.

"आज्जी, हे कशाचंय?" एका पोरानं विचारलं.

"खाली हुबा ऱ्हा. मान वर करू नगंस." मालनअक्का त्याच्या शेजारी उभी राहिली. "आता तुझ्या डोस्क्यावर कुणाच्यातरी लेकीचा भार आलाय. जड लागतंय?"

पोरानं खांदे जरा खाली घेतले. "थोडं थोडं."

"मग बरूबर हाय."

सारिकानं दुसऱ्या दिवशी त्या दालनातला फलक काढून टाकला आणि आईनं पोराला सांगितलेले हेच चार शब्द लिहिले. ज्या चित्रकर्तीनं ती झाल केली होती, तिनं फोन करून मालनअक्काशी बोलायचं आहे म्हणून सांगितलं. मालनअक्कानं फोन घेतला आणि तिची कड कशी ढिली राहिली आहे, हे पंधरा मिनिटं सुनावलं. गल्लीत मात्र ती आठवडाभर ताठ मानेनं हिंडली.

मग तिचा हातठसा घेतला. चार दिवस बाह्या घालून ती विणत होती आणि फैजान पडद्यावर रेघा बघत होता. पोरांनी त्या बाह्या चढवल्या आणि पहिल्याच रविवारी गोंधळ झाला. दर सहाव्या पट्टीला बत्तीस पोरांचे उजवे हात एकदम तोंडाकडे गेले. बुरडाची रीतच तशी. बांबू चिरून काढलेली पातळ पट्टी म्हणजे बेळ. हात अडकले की ती दातांत धरायची. पोरांच्या आया किंचाळायच्या बेतात होत्या. फैजाननं तेवढी हालचाल गाळून टाकली, अर्ध्या तासाचं काम. त्यावर मालनअक्का आठवडाभर हसत होती.

आताचं प्रकरण हसण्यासारखं नव्हतं.

"आवटे डॉक्टरीणबाईंची गार्गी," सारिका सांगत होती, "नऊ वर्षांची. तीन महिने येतेय. परवा घरी जेवायला बसली होती. दीड वर्षाचा भाऊ रांगत डाव्या बाजूला आला. हिनं न बघताच हात मारला, असा, पालथा. पोर उंबऱ्यावर आपटलं. भुवईला तीन टाके पडले."

"पोरं भांडत्यात."

"ती भांडली नव्हती, आई. ती रडत होती. म्हणाली, हात आपोआप गेला. फैजाननं तुझा ठसा तपासला. दर दहा-बारा बेळींनंतर तुझा डावा हात बाहेर जातो. जोरात. वर्गात आम्हांला तो विणण्यातलाच झटका वाटायचा."

"माझा हात?" मालनअक्कानं आता मात्र काम खाली ठेवलं. "साठ वरीस झाली ह्या हाताला. एक खोड दाखव."

"चल मग बघायला."

शाळांच्या तुकडीसाठी त्या दिवशी दुपारी एक शेवटचा वर्ग ठेवलेला होता. फैजाननं बाह्यांची ताकद निम्म्यावर आणली होती आणि पोरांना एकमेकांपासून लांब बसवलं होतं. मालनअक्का दारात उभी राहिली. बत्तीस पोरं मांडी घालून बसलेली, बत्तीस जोड्या हात चाललेले, आणि सगळे तिचे. वर-खाली, वर-खाली, अंगठ्यानं दाब, मनगटानं ओढ. गल्लीत जे कुणी शिकायला तयार नव्हतं, ते इथं बत्तीस पोरं करत होती, आणि वीण अशी घट्ट, की पाणी ठरावं. ती फैजानकडे वळून काहीतरी टोचून बोलणार होती.

तेवढ्यात बत्तीस डावे हात एकदम बाहेर गेले. पालथे. हवेतल्या कुणालातरी बाजूला सारून परत आले आणि विणायला लागले.

परत दहा बेळी झाल्या. परत हात गेले. उंची ठरलेली, जमिनीपासून दीड हात. बसलेल्या पोराच्या खांद्याइतकी.

तिनं मान वळवली. सारिका भिंतीला टेकून उभी होती. तिचा डावा हात आपल्या उजव्या खांद्यावर गेला होता, आणि तो तिथं आहे हे तिलाही कळलेलं नव्हतं.

घरी आल्यावर चहा सारिकानंच केला. दोघी ओट्यावर बसल्या, मधे कप.

"ती मी आहे," सारिका म्हणाली.

"म्हाईत हाय."

"मी रोज शाळेतून येऊन तुझ्याजवळ बसायचे. बेळींशी खेळायला लागले, की तुझा हात यायचा. कधी बोलली नाहीस, जा म्हणून. नुसता हात. मला वाटायचं, हिला मी जवळ नको आहे."

"कोयता व्हता हिकडं," मालनअक्का उजवा हात दाखवत म्हणाली. "दिगंबराची दोन बोटं गेली त्याच कोयत्यानं, तुझ्याच चुलत भावाची. चार वर्साचा व्हता. जावंच्या मांडीवरनं सरकला आणि गेली बोटं. त्यानंतर मी तुला एक दिस त्या पट्ट्यात येऊ दिलं न्हाई."

"मला कोयता दिसत नव्हता, आई. मला तुझा पालथा हात दिसायचा."

"मग इचारायचं."

"तुला? कुणाची छाती होती?"

एरवी हे कुणी म्हटलं असतं तर मालनअक्काला गोड वाटलं असतं. आता चहा कडू लागला. सगळ्या गल्लीला ती मोठ्या तोऱ्यात सांगत आली होती, की माझ्या पोरीला मी बांबूला हात लावू दिला नाही, शिकवून मोठी केली. तिला साधी परडी विणता येत नाही, हेसुद्धा तिनं अभिमानानंच सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वतः फैजानच्या खोलीत जाऊन बसली.

"दातांची खोड काढलीस तशी ही काढ."

"काढून बघितली, आक्का." त्यानं तिच्यासमोर दोन लहान झाली ठेवल्या. एक घट्ट, एक खुळखुळी. "ही दुसरी, ढकलणं गाळल्यावरची. तुमचा हात बाहेर जातो ना, तेव्हा करंगळीच्या बाजूला शेवटची बेळ धरलेली असते. त्या झटक्यानं ती खेचली जाते आणि अख्खी ओळ आवळते. तुमच्या हातानं पोरीला ढकलता ढकलता त्यातूनच वीण घट्ट करायची युक्ती काढली. आता ते दोन्ही एकच झालंय. एक काढलं की दुसरं जातं."

मालनअक्कानं खुळखुळी झाल उचलली, बघितली आणि लांब ठेवली. "ही माझ्या नावावर लावू नगंस."

"ठराव झाला तर कुठलीच लागणार नाही."

"आणि पुसल्यावर? ती गार्गी आणि बाकीची? त्यांचा हात सुधरंल?"

फैजाननं खुर्ची तिच्याकडे वळवली. हा प्रश्न विश्वस्तांपैकी कुणी विचारला नव्हता. "नाही सुधारणार. ठसा यंत्रातनं पुसता येतो. एकदा मेंदूत बसलेली सवय पुसता येत नाही. तिच्यावर तशीच दुसरी सवय बसवता येते फक्त. तोच वेग, तीच लय, पण शेवट वेगळा. आणि ती दुसऱ्या कुणाच्या हाताची चालणार नाही. तुमच्याच हातानं तुमच्या जुन्या सवयीवर विणावं लागेल."

"म्हंजे तुमचा तो इस्वस्तांचा ठराव पोरांच्या काय कामाचा न्हाई."

"कलादालनाच्या कामाचा आहे. त्यांच्यावर ठपका येणार नाही."

"घाल बाह्या," मालनअक्का म्हणाली आणि दोन्ही हात पुढं केले.

मंगळवार गेला. ती मनाशी ठरवून बसायची, की हात हलू द्यायचा नाही, आणि अकराव्या बेळीला हात गेलेला असायचा. मन दुसरीकडे लावलं तर लवकर जायचा. मनावर घेतलं तर जोरात जायचा. साठ वर्षं तिनं गल्लीभर ज्याची बढाई मारली, तो हात आता तिचं ऐकत नव्हता, आणि फैजानसमोर हे होत होतं याचा तिला जास्त राग येत होता.

बुधवारी तिनं डाव्या कोपराला पदर गुंडाळून तो कमरेला आवळून टाकला.

"आक्का, असं बांधून काय होणार?"

"तू रेघा बघ."

कोपर बांधल्यावर हात जात नव्हता, पण ओळही आवळत नव्हती, आणि बेळींची जुडी डाव्या बाजूला हातभर लांब पडली होती, तिथं हात पोचत नव्हता. दोनदा ती वाकली, दोनदा तोल गेला. सारिका दारात उभी राहून हे बघत होती. बैठकीची कागदपत्रं तिच्या हातात होती.

"हुबी काय ऱ्हायलीस पावण्यागत," मालनअक्का करवादली. "बेळ दे हिकडं."

सारिका आली आणि डाव्या बाजूला बसली. ढकललेल्या जागेवर. तिनं जुडीतली एक बेळ उचलून पुढं केली.

"पोट वर आलंय. बांबूची पाठ वर पायजे, ती चकचकीत बाजू. एवढं बी येत न्हाई?"

"कुणी शिकवलंय?"

मालनअक्कानं कोपराचा पदर सोडला आणि परत सुरू केलं. अकराव्या बेळीला डावा हात सुटला आणि सारिकाच्या खांद्यावर आदळला.

सारिका हलली नाही. "ढकल की. आता मी सत्तर किलोची आहे."

फैजान पडद्याआड हसला आणि लगेच गंभीर झाला. मालनअक्काच्या तोंडाचा एक कोपरा हलला, पण हात चालूच होते. परत अकरावी बेळ, परत खांदा. परत. सारिका दर वेळी बेळ पुढं करून बसलेली, आता पाठ वर करून. पाचव्या खेपेला हात निघाला, निम्म्यात आला, आणि तिथं खांद्याच्या आधी बेळ होती. हाताला ती पकडायची होती. मनगट वळलं. तळवा वर झाला. बोटांनी बेळ धरली, हात परत आला, आणि येता येता करंगळीखालची ओळ कचकन आवळली गेली.

"आक्का, थांबू नका," फैजान हळूच म्हणाला.

ती थांबणार नव्हतीच. दुपार होईपर्यंत दोघी तशाच बसल्या. मधूनच मालनअक्काचं चाललेलं असायचं, "जाडी देऊ नगंस, पातळ बघ," "हां," "ही मोडकी कुणाला देतीस, सासूला?" शेवटच्या दोन तासांत हात एकदाही पालथा गेला नाही. गुरुवारी दिवसभर तेच. संध्याकाळी फैजाननं तिला पडद्यावर दोन रेघा एकावर एक ठेवून दाखवल्या, जुनी आणि नवी. दोन्ही एकाच उंचीच्या, एकाच वेगाच्या, शेवटच्या वळणापर्यंत एकमेकींवर बसणाऱ्या. तिथून पुढं एक खाली जात होती आणि एक वर.

"एवढंसंच?" मालनअक्का म्हणाली.

"एवढंसंच."

"त्याला चाळीस वरसं लागली बघ."

शुक्रवारच्या बैठकीत मालनअक्का न बोलावता गेली आणि मधली खुर्ची ओढून बसली. अध्यक्ष सावंत नावाचे निवृत्त प्राचार्य होते. त्यांनी अतिशय मृदू शब्दांत सांगायला सुरुवात केली, की आपल्या कलेबद्दल आदरच आहे, परंतु—

"आदर ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "माझ्या हातानं त्या पोराला लागलंय. ते मी कबूल करायला आलीया. माझा हात माझ्या पोरीला ढकलत व्हता, आणि मी त्यो तसाच यंत्रात भरला. खोड माझी हाय, यंत्राची न्हाई. आता ती माझी मलाच काढायची हाय. तुम्ही पुसून बसला तर बत्तीस पोरांच्या हातात ती तशीच ऱ्हाईल, आणि तुमचं कागूद तेवढं स्वच्छ हुईल."

टेबलाच्या टोकाला गार्गीची आई, आवटे डॉक्टरीणबाई, बसल्या होत्या. त्यांना मुद्दाम बोलावलेलं होतं. त्यांनी बराच वेळ मालनअक्काच्या हातांकडे बघितलं. मग फैजानला दोन प्रश्न विचारले, स्नायूंबद्दल आणि किती बैठका लागतील याबद्दल, आणि उत्तरं वहीत लिहून घेतली.

"मी गार्गीला रविवारी आणते," त्या म्हणाल्या. "पण डाव्या बाजूला मी बसणार."

"तुम्हीच बसायचं हाय," मालनअक्का म्हणाली. "नव्या हाताला तिथं कुणीतरी लागतंय."

ठराव पुढं ढकलला गेला, आणि ती बोलली त्याचा अर्थ विश्वस्तांना रविवारी कळला. नव्या ठशात एक गोष्ट अशी होती, जी जुन्यात नव्हती. जुना हात हवेला ढकलून आपला आपण परत यायचा. हा नवा हात बाहेर गेला, की तिथंच थांबायचा. बेळ हातात पडल्याशिवाय तो परत येत नव्हता, कारण मालनअक्काचाही आला नव्हता. म्हणून त्या दिवशी एकही आई मागच्या बाकावर बसू शकली नाही आणि एकही बाप बाहेर फेऱ्या मारू शकला नाही. बत्तीस पोरांच्या डाव्या बाजूला बत्तीस मोठी माणसं मांडी घालून बसली, कुणाचे गुडघे दुखत होते, कुणाची इस्त्री मोडत होती, आणि प्रत्येकाच्या मांडीवर बेळींची जुडी.

मालनअक्का रांगांमधून फिरत होती.

"पाठ वर. पाठ म्हंजे चकचकीत बाजू, इंजनेरसाहेब. कारखाना चालवताय ना?"

"ओ, फोन ठेवा खाली. पोराचा हात लोंबकळायलाय कवापासनं."

"तुमचं बरं चाललंय. लई हसू नगा, बेळ मोडंल."

गार्गीजवळ ती थांबली. पोरीचा चेहरा आवळलेला होता. अकरावी बेळ संपली, हात सुटला, तिनं डोळे गच्च मिटले. आवट्यांच्या दंडाला बोटं जोरात लागली. तेराव्या खेपेपर्यंत लागत राहिली. मग एकदा मनगट वळलं. पोरीनं डोळे उघडले तेव्हा बेळ तिच्या तळहातावर होती आणि आई ती सोडायला विसरली होती.

"सोडा आता, डॉक्टरीणबाई," मालनअक्का म्हणाली. "तिला काम हाय."

दुपारी बत्तीस लहान झाली तयार झाल्या. शिडी लावून एकेका घरानं आपली झाल त्या तीस फुटी झालीत बसवली, आणि मग सगळे खाली उभे राहिले, पोरं, आया, बाप, सावंत प्राचार्यसुद्धा. कुणी फलक वाचला नाही. मालनअक्का सगळ्यांच्या मागं उभी होती. वर बघून तिनं बत्तीसच्या बत्तीस विणी तपासल्या. एकही खुळखुळी नव्हती. तिला वाटलं, गल्लीतल्या सगळ्या मेलेल्या बुरडांना एकेकाला उठवून आणून इथं उभं करावं आणि म्हणावं, बघा.

माणसं पांगली. सारिका खाली पडलेल्या बेळी गोळा करत होती. करता करता तिनं खुर्चीवरची एक बाही उचलली आणि आपल्या हाताला लावून बघितली.

"आई, ही मला चढव जरा. एकदा बघते करून."

"ठेव ती खाली," मालनअक्का म्हणाली. "यंत्र कशाला लागतंय तुला? मी अजून जित्ती हाय की."

तिनं पदर खोचला, गुडघ्यावर हात ठेवून सावकाश खाली बसली, आणि बसली ती लेकीच्या डाव्या बाजूला. त्या जागेवर ती जन्मात कधी बसली नव्हती. सारिकानं दोन बेळी आडव्या-उभ्या ठेवल्या. तिसरी तिरकी गेली. चौथीनं ती आणखी तिरकी केली. मालनअक्काचा हात तिकडे धावायला लागला, तो तिनं मांडीखाली दाबून धरला आणि दुसऱ्या हातानं पुढची बेळ देत राहिली, पाठ वर करून. सारिका ओठ चावत विणत होती. अर्धा तास लागला. बूड तयार झालं तेव्हा ते गोल नव्हतं, चौकोनीही नव्हतं.

फैजान दिवे बंद करत त्या बाजूनं आला आणि थबकला. "आक्का, कसं जमलंय सारिकाताईंना?"

मालनअक्कानं बूड हातात घेतलं, उलटं केलं आणि अंगठा फिरवला.

"वाकडं हाय," ती म्हणाली. "पण घट्ट हाय."